सावलीचं ताट

टोकियो, ९ जून १९८३

तोकिए आत्या,

पत्राची सुरुवात हवापाण्यानं करायची असते हे मला ठाऊक आहे, पण आज सुचत नाही. मी भलत्याच भानगडीत सापडलेय आणि भानगडीचं मूळ तुझ्या स्वयंपाकघरात आहे.

माझ्या चित्रकथेचा अंक तुला दर महिन्याला पाठवते. तू तो वाचतेस की त्यावर लोणच्याची बरणी ठेवतेस देव जाणे, म्हणून थोडक्यात सांगते. खिंडीतल्या चहाच्या दुकानात राहणारी सायो. तिचा नवरा माणसाच्या रूपातला कोल्हा. तिला ते कळतं, आणि जुन्या गोष्टींत एकदा कळलं की त्याला जावंच लागतं. तो जातो. या महिन्यात सायो त्याच्यासाठी सावलीचं ताट मांडते. लहानपणी मी वर्षभर तुझ्याकडे होते तेव्हा तू रोज मांडायचीस, अगदी तसं. दूर गेलेल्या माणसाच्या नावानं गरम भात, गरम सूप, आणि सूपच्या वाटीचं झाकण उचलल्यावर आत दव दिसलं की माणूस जिथे असेल तिथे सुखरूप.

मी ते अख्ख्या पानभर काढलं. नुसत्या वाफेवर तीन दिवस घालवले. आणि आता वाचकांची एकशे बारा पोस्टकार्डं येऊन पडलीत! भाताची वाटी मी उजवीकडे काढली, सूप डावीकडे, जेवायच्या काड्यांची टोकंही उजवीकडे. सगळं उलटं. असं ताट तर मेलेल्या माणसापुढे मांडतात, म्हणे. नागोयाची एक तेरा वर्षांची मुलगी विचारते, "ओबारा सेन्सेई, तुमच्या आईनं तुम्हाला जेवायला शिकवलं नाही का?" उरलेल्या पोरी रडतायत, कारण कोल्हा मेला असं त्यांनी ठरवूनच टाकलंय.

आमचे संपादक कुवाबाता खूश. म्हणतात, "झकास! आता मारूनच टाका त्याला. नाहीतरी वाचकांच्या मतांत आपण खालून दुसरे आहोत, तीन भागांत आटपू." शेवटच्या भागाची पानं दहा सप्टेंबरला द्यायचीत. आत्या, मला त्याला मारायचं नाहीये गं. दोन वर्षं मी त्याच्या मिशा काढतेय.

तू ताट उलटं मांडायचीस का? की मलाच चुकीचं आठवतंय? लगेच कळव.

तुझी
कोझुए

*

किरिनोसावा खिंड, १७ जून

कोझुए,

तू हवापाणी लिहिलं नाहीस म्हणून मी लिहिते. खिंडीत धुकं आहे, वाळत घातलेली रानभाजी वाळत नाही आणि माझा गुडघा दुखतोय.

अंक मी वाचते. एकदा चष्म्याशिवाय चित्रं बघते, मग चष्मा लावून अक्षरं. कोल्हा फार देखणा काढतेस. एवढे लांब पाय कुठल्याच कोल्ह्याचे नसतात, पण असो.

ताटाचं म्हणशील तर चूक तुझीच आहे. तू तेव्हा चार वर्षांची. ताटासमोर फतकल मारून बसायचीस. समोरून बघितलं की डावं ते उजवं दिसतं, त्यात एवढं रडायचं काय? वाचकांची माफी माग आणि पुढच्या महिन्यात सरळ काढ. कुवाबाता म्हणतात तर कोल्ह्यालाही जाऊ दे. जाणारे जातात, मागे राहिलेल्यांनी भांडी घासायची असतात.

इकडची खबर म्हणजे बोगदा सुरू झाल्यापासून बस खालूनच जाते. काल तीन गिऱ्हाइकं आली, त्यातलं एक वाट चुकून आलेलं. तुझा बाप मोरिओकाला येऊन राहा म्हणतोय, आणि या वेळी मी हो म्हटलं. सप्टेंबरात हिगानचा पितर-आठवडा आला की देवळात एक काम उरकायचंय. ते झालं की दुकानाला फळ्या ठोकते.

वेळेवर जेवत जा. मागच्या फोटोत तू सायोपेक्षा बारीक दिसत होतीस.

तोकिए

*

टोकियो, २ जुलै

आत्या,

खोटं बोलायचं तर नीट तरी बोलावं माणसानं. मी ताटासमोर बसायचे नाही. मी तुझ्या मांडीवर बसायचे! तुझ्या बाहीला सोया सॉसचा वास यायचा, आणि आपल्या दोघींच्या समोर खिडकी होती. बाहेर अंधारून आलं की काचेत मी दिसायचे आणि मी स्वतःलाच जीभ काढून दाखवायचे. हे सगळं आठवतंय आणि भाताची वाटी तेवढी चुकीची आठवेल होय?

मग मी बाबांना फोन केला. विचारलं, आत्याचं ते ताट कुणाचं होतं? ते म्हणाले, "तेइजी डावखुरा होता," आणि फोन आईकडे देऊन टाकला.

आईनं बाकीचं सांगितलं. तेइजी माकाबे. गावातल्या न्हाव्याकडे शिकायला होता. त्याच्या घरी जेवताना त्याचा डावा हात कमरेला बांधून ठेवायचे, म्हणून तो तुझ्या दुकानात जेवायला यायचा, कारण जगात तू एकटीच त्याच्यासाठी ताट त्याच्या हाताला येईल असं मांडायचीस. १९५८च्या हिवाळ्यात तो कामाला होक्काइदोला गेला, वसंतात परत येऊन लग्न करणार होता. आत्या, पंचवीस वर्षं झाली! आणि मी ते ताट पानभर काढून एकशे बारा जणांकडून शिव्या खाल्ल्या, आणि तू मला सांगतेस माफी माग?

मी माफी मागितली नाही. दर अंकात लेखिकेला चार ओळींची चौकट मिळते, तिच्यात मी लिहिलंय: "ताट चुकलेलं नाही. इवातेमधल्या एका खिंडीत माझी आत्या चहाचं दुकान चालवते, ती हे ताट असंच मांडायची. का, ते मी तिला विचारतेय." कुवाबातांनी कपाळावर हात मारून घेतला, पण छापलं. आता गुपचूप उत्तर दे. हिगानला देवळात कसलं काम आहे तुझं?

कोझुए

*

किरिनोसावा खिंड, १४ जुलै

कोझुए,

तुझ्या आईच्या तोंडात तीळ भिजत नाही. बरं झालं, माझं निम्मं काम तिनंच केलं.

पहिल्या वर्षी त्याची दोन पत्रं आली. तो कोळशाच्या खाणीत लागला होता. नंतर पत्र बंद. मी लिहिलेलं परत आलं, खाणीची ती वस्ती उठली होती. लोक म्हणाले, दुसरी बाई केली असेल. लोक म्हणाले, मेला असेल. मी रोज झाकण उचलायचे आणि आत दव असायचं. म्हटलं, दुसरी बाई करायची तर कर बाबा, जिवंत आहेस ना? एवढ्यावर मी पंचवीस वर्षं काढली. तुला हे वेडेपण वाटेल. मला मात्र चांगली झोप लागायची.

या जानेवारीत अकरा तारखेला झाकण कोरडं निघालं. सूप तेच, उकळतं. वाटी तीच. मला वाटलं खिडकीतून वारा येतोय. खिडकीच्या फटीत कागद कोंबला. दुसऱ्या दिवशीही कोरडं. एकवीस दिवस मी झाकण उचललं आणि एकवीस दिवस ते पुसून ठेवल्यासारखं होतं. बाविसाव्या दिवशी माझी हिंमत झाली नाही. तेव्हापासून ताट मांडते, पण झाकण उचलत नाही. तसंच झाकलेलं नेऊन मागच्या दारी ओतते.

देवळातलं काम म्हणजे त्याच्या नावाची पाटी करून घ्यायची आहे, पितरांच्या रांगेत ठेवायला. भटजींना सांगून ठेवलंय. त्याचं म्हणून करणारं दुसरं कुणी असेल की नाही मला माहीत नाही. पाटी झाली की ताट बंद. मेलेल्याला रोज वाट बघायला लावणं बरं नाही.

तेव्हा तुझ्या त्या एकशे बारा जणांचं बरोबर होतं म्हण. कोल्ह्याला जाऊ दे बाळ. मी दुसऱ्या कुणाजवळ रडले नाही, तुझ्याजवळ रडतेय. याचं चित्र काढू नकोस.

तोकिए

*

होक्काइदो, ३ ऑगस्ट

ओबारा सेन्सेई यांस,

मी एक्कावन्न वर्षांचा न्हावी आहे आणि मुलींचं मासिक वाचतो. याचं कारण आधी सांगतो, नाहीतर तुम्ही पत्र टाकून द्याल. जानेवारीत माझ्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. अकरा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत मी इस्पितळात बेशुद्ध होतो. शुद्धीवर आलो तेव्हा डावा हात गेला होता, आणि माझी कात्री डाव्या हाताची. आता दुकान माझा शागीर्द चालवतो. मी बाकावर बसून असतो, आणि बाकावर पोरींसाठी ठेवलेली मासिकं असतात. अक्षर वेडंवाकडं आहे, क्षमा असावी. उजव्या हाताची ही पहिलीच इयत्ता आहे.

तुमचं ताटाचं पान मी तासभर बघत होतो. गिऱ्हाइकं हसायला लागली. मग पुढच्या अंकात तुमची चौकट वाचली आणि शागिर्दाकडून कागद-पेन मागून घेतलं.

सेन्सेई, ते ताट मी पाहिलेलं आहे. खाणीत छत कोसळून माझा पाय मोडला, दोन वर्षं अंथरुणात गेली. आपल्या पायांवर उभा राहीन तेव्हाच तोंड दाखवीन, अशी अक्कल तेव्हा मला होती, म्हणून पत्र लिहिलं नाही. १९६१च्या शरदात मी खिंडीत परत गेलो. दिवेलागणीची वेळ होती. खिडकीतून बघितलं तर तोकिएसान बसलेली, तिच्या मांडीवर तीन-चार वर्षांची मुलगी, आणि पुढे वाफाळलेलं ताट. पुरुषाचं, मोठ्या वाटीचं. नवरा आत हातपाय धूत असेल असं मला वाटलं. मुलगी सरळ माझ्याकडे बघून जीभ काढत होती. माझा सगळा धीर त्या जिभेनं गेला. मी आल्या पावली उतरलो आणि परत कधी गेलो नाही. लग्नही केलं नाही, तेवढं सुचलं नाही.

काच धुरकटलेली होती. भात कुठे, सूप कुठे, हे बघायचं मला सुचलं नाही. तुमच्या चित्रात ते आत बसून बघितल्यासारखं दिसतं. काड्यांची टोकं उजवीकडे. असं ताट या देशात एकाच माणसासाठी मांडलं जायचं. म्हणजे मी माझ्याच ताटावरून उठून गेलो. बावीस वर्षं मी एका नवऱ्याचा हेवा केला आणि तो मीच होतो.

आता माझी काही मागणी नाही. एका हातानं मी कुणाच्या काय उपयोगाचा? एकच विचारतो. ते ताट अजून मांडतात का?

तेइजी माकाबे

*

टोकियो, ८ ऑगस्ट

आत्या,

सोबतचं पत्र आधी वाच. बसून वाच. चष्मा लावून.

वाचलंस? ती जीभ माझी होती! मला वाटायचं काचेत मीच दिसतेय. आत्या, मी चार वर्षांची होते आणि मी तुझा नवरा पळवून लावला. दोन दिवस मी रडतेय आणि मधूनच हसतेय, शेजारीण येऊन विचारून गेली.

तारखा बघ. अकरा जानेवारी ते महिनाअखेर, एकवीस दिवस. तुझी वाटी खोटं बोलत नव्हती आणि तू बाविसाव्या दिवशीच थांबलीस. आज ताट मांडलंस की झाकण उचल. देवळात निरोप पाठव की पाटी नको. मी त्यांना काही कळवलेलं नाही. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा हक्क तुझा आहे.

कुवाबातांना मी सांगितलं की कोल्हा मरणार नाही. ते म्हणाले, कारण द्या. मी म्हटलं, दहा सप्टेंबरला देते. तेव्हा लवकर कर काय ते!

कोझुए

*

किरिनोसावा खिंड, १२ ऑगस्ट

तेइजीसान,

खिडकीतून बघून निघून गेलात? दार होतं. ढकललं की उघडतं, आजही तसंच आहे. ती मुलगी माझ्या दादाची. "हे कुणाचं ताट?" एवढे तीन शब्द विचारायला तुमची जीभ झिजली असती का? तिची तरी बाहेर आली होती.

मी फार चिडलेय. पंचवीस वर्षांचं चिडणं एका पत्रात मावत नाही, आणि पोस्टाचं तिकीट एकच लावलंय, म्हणून उरलेलं समोर ऐकायला या. एक हात गेला म्हणून उपयोगाचे नाही असं पुन्हा लिहाल तर याद राखा. माझाही गुडघा गेलाय, मी कुणाला पत्र लिहून सांगितलं?

काल सहा महिन्यांनी झाकण उचललं. इतकं ओलं होतं की माझ्या मनगटावरून पाणी ओघळलं. बराच वेळ मी ते हातात धरून बसले. सूप गार झालं, मग तेच प्यायले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, मांडते. बस आता खालून जाते. बोगद्याच्या तोंडाशी उतरा, मी घ्यायला येईन.

तोकिए

*

किरिनोसावा खिंड, ४ सप्टेंबर

कोझुए,

माणूस काल आला. पांढरं डोकं, काठी, आणि केस मात्र असे कापलेले की मोरिओकाच्या न्हाव्यानं बघत राहावं. शागिर्दानं कापले म्हणे, ह्यांनी बाकावरून आरडाओरडा करून. बोगद्याशी उतरले आणि मला म्हणाले, "तोकिएसान, तुम्ही बारीक झालात." मी दुपटीनं वाढलेय. मी म्हटलं, "डोळेही गेले वाटतं." मग आम्ही दोघं चढ चढलो, एक पाय त्यांचा खराब, एक गुडघा माझा, वीस मिनिटांच्या वाटेला दीड तास लागला. बोलणं फारसं झालं नाही. दम कुणाला होता?

घरी आल्यावर मी ताट मांडलं. हात इतके सवयीचे झालेत की मी बघितलंच नाही काय करतेय. भात उजवीकडे, सूप डावीकडे, काड्यांची टोकं उजवीकडे. मांडून झालं आणि ते ताटाकडे बघत बसले. मग उजवा हात उचलून त्यांनी काड्यांवरून पलीकडे नेला, आणि मला एकदम कळलं. पंचवीस वर्षं मी ज्या हातासाठी मांडत आले तो हात आता मांडीवर पडलेला होता. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. मी म्हटलं, "थांबा, फिरवून देते," आणि ताटाला हात घातला.

त्यांनी ताट धरून ठेवलं. म्हणाले, "राहू दे. असंच राहू दे." मग उजव्या हातानं त्यांनी आपला डावा हात मांडीवरून उचलला, एखादं मूल उचलावं तसा, आणि आणून काड्यांवर ठेवला. बोटं हलली, दोन. काड्या घरंगळल्या. त्यांनी परत ठेवला. परत घरंगळल्या. मी सूपवर झाकण घालून बसले, गार होऊ नये म्हणून. चौथ्यांदा भाताचा एक घास तोंडापर्यंत गेला. निम्मा सांडला. तिखट काही नव्हतं त्यात, तरी आमच्या दोघांच्या डोळ्यांना पाणी.

मग मी झाकण उचललं. पाणी टपटपत होतं. ते म्हणाले, "काय बघताय?" मी म्हटलं, "तुम्ही सुखरूप आहात की नाही ते." ते म्हणाले, "मी समोर बसलोय की." मी म्हटलं, "माझा तुमच्यापेक्षा वाटीवर जास्त विश्वास आहे." हसले. पुढचे दोन दात नाहीत, ते तू काढू नकोस.

बाकी सगळं काढ. चित्र काढू नकोस असं मी म्हटलं होतं, ते मागे घेतलं. कोल्ह्याला खिडकीतून आत बघू दे, चुकीचं समजू दे, पळू दे, आणि मग परत येऊ दे. कुवाबातांना सांग, कारण इथे खिंडीत बसून भात सांडतंय. नागोयाच्या त्या मुलीला माझ्याकडून कळव की तुला जेवायला तुझ्या आत्यानं शिकवलं आणि बरोबर शिकवलं.

देवळात जाऊन आले. भटजींनी पाटीसाठी लाकूड आणून ठेवलं होतं. वाया कशाला जायचं, म्हणून मी ते घेऊन आले. दुकानाला फळ्या ठोकायचं रद्द झालंय, दादाला तूच फोन कर. त्या लाकडावर ह्यांनी आज सकाळी उजव्या हातानं, पहिल्या इयत्तेच्या अक्षरात, "केस कापून मिळतील" असं लिहिलं. मी म्हटलं, कापणार कोण? म्हणाले, मी खुर्चीत बसून सांगेन, तुम्ही कापा. दार उघडं ठेवलंय आणि पाटी दारावर लावलीय. बोगद्यामुळे गिऱ्हाईक येईल की नाही कोण जाणे, पण पहिलं डोकं तुझं. पानं दिलीस की ये.

आणि ये तेव्हा खिडकीतून जीभ काढून दाखव. या वेळी ते आत आहेत.

तोकिए आत्या